धोरणाचा नकाशा : तासगावच्या बेदाण्यावरून

कोणत्याही सहकारी संस्थेच्या, कारखान्याच्या किंवा शाळेच्या कार्यालयात गेलो, की भिंतीवर एक पाटी हमखास दिसते. ‘सभासदांचा उत्कर्ष हेच आमचे ध्येय’, ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’, ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’. पाटीवरचे वाक्य खोटे नसते. ते लिहिणाऱ्यांना तसे मनापासून वाटतही असते. पण त्याच इमारतीत सकाळी कुलूप उघडणारा शिपाई, वजनकाट्यापाशी उभा असलेला कामगार, वहीत आकडे उतरवून घेणारा कारकून यांच्या आजच्या कामाचा त्या वाक्याशी नेमका संबंध काय, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाते. वहीतला कोणता आकडा चुकला तर ध्येयाला धक्का बसेल आणि कोणता चुकला तरी काही बिघडणार नाही, हे संस्थेत फार थोड्यांना सांगता येते.

हा संबंध चित्राच्या रूपात, तपासता येईल अशा पद्धतीने मांडण्याचे एक शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत आकाराला आले आहे. इंग्रजीत त्याला ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ म्हणतात. आपण त्याला ‘संस्थारचनाशास्त्र’ म्हणू या. संस्था आपले धोरण ठरवते ते कसे मांडावे, हा या शास्त्रातला सर्वांत अवघड आणि तितकाच महत्त्वाचा भाग. हे शास्त्र संगणकाच्या जगात जन्मले असले तरी त्यातली मूळ कल्पना समजायला संगणक लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा बेदाणा त्यासाठी पुरेसा आहे.

घराचा नकाशा आणि संस्थेचा नकाशा

घर बांधताना आपण एकच नकाशा काढत नाही. मालकाला खोल्या कशा दिसतील ते हवे असते. गवंड्याला भिंतींची जाडी हवी असते, वीजतंत्र्याला तारांची वाट आणि नळकाम करणाऱ्याला पाइपांची. चित्रे निरनिराळी असली तरी घर एकच असते. म्हणून ती चित्रे एकमेकांशी जुळली पाहिजेत. जिथून पाइप जाणार तिथेच तुळई आली तर चूक कागदावर सापडलेली बरी. बांधकाम झाल्यावर सापडली तर भिंत फोडावी लागते.

१९८७ साली आयबीएम या कंपनीतील जॉन झॅकमन यांनी हीच दृष्टी संस्थांच्या माहितीव्यवस्थेला लावणारा एक लेख लिहिला. संस्थेची माहिती कोणती, तिच्यावर प्रक्रिया कशा होतात आणि हे सारे कुठे कुठे घडते, अशा तीन प्रश्नांचे रकाने त्यांनी केले. पुढे १९९२ साली जॉन सोवा यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या लेखात आणखी तीन प्रश्न आले : कोण, केव्हा आणि का.

‘का?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी आलेल्यांत आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काय आहे, कसे चालते, कुठे आहे हे प्रत्यक्ष पाहून लिहिता येते. ‘का’ मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते माणसांच्या मनात असते, आणि वेगवेगळ्या माणसांच्या मनात वेगवेगळे असते.

याच सुमारास व्यवस्थापनशास्त्राकडूनही प्रयत्न सुरू होते. १९९२ साली रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी असे मांडले, की संस्थेची प्रगती केवळ नफ्याच्या आकड्याने मोजू नये. ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकण्याची क्षमता यांचेही मोजमाप ठेवावे. २००० साली त्यांनी या चारही बाजू बाणांनी जोडून ‘धोरणाचा नकाशा’ काढायला सांगितले. नेदरलँडमध्ये विकसित झालेली ‘आर्किमेट’ नावाची चित्रभाषा २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात हेतू दाखवणारी चिन्हे २०१२ च्या आवृत्तीत आली आणि धोरण दाखवणारी चिन्हे २०१६ च्या आवृत्तीत. म्हणजे यंत्रे आणि कामे रेखाटण्याची भाषा आधी तयार झाली, आणि ती कशासाठी आहेत हे रेखाटण्याची भाषा नंतर.

तासगावची द्राक्षे

आता आपले उदाहरण घेऊ. तासगाव तालुका द्राक्षांसाठी आणि त्याहूनही बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात याच तालुक्यातल्या बोरगावची. थॉम्पसन सीडलेस या जातीच्या वेलींतून ती श्री. वसंतराव आर्वे यांनी निवडली. तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांनी विभागलेले असते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांत पुढच्या पिकाचे घड कळ्यांच्या रूपात तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात माल निघतो. म्हणजे यंदाच्या एप्रिलमध्ये केलेल्या कामाचे फळ पुढच्या वर्षी दिसते. कारण आणि परिणाम यांच्यात दहा-अकरा महिन्यांचे अंतर असते. हे अंतर ध्यानात ठेवा, त्याचा पुढे संबंध येणार आहे.

बेदाणा करण्याची पद्धतही थोडक्यात पाहू. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या पाण्यातील मिश्रणात काही मिनिटे बुडवतात. त्यामुळे मेणाच्या थराची पाणी अडवण्याची शक्ती कमी होते. मग शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर घड पसरतात. वरून छप्पर असते, बाजूंनी वारा खेळतो आणि साधारण पंधरवड्यात माल वाळतो. त्यानंतर देठ काढणे, प्रतवारी, खोक्यांत भरणे आणि शीतगृहात ठेवणे किंवा सौद्याला नेणे. शेडवर माल असताना अवकाळी पाऊस आला, तर बेदाण्याचा रंग जातो आणि रंगाबरोबर दरही जातो.

समजा, या तालुक्यात दोनशे सभासदांची एक बागायतदार संस्था आहे. ही संस्था काल्पनिक आहे, पण तिच्यापुढचे प्रश्न खरे आहेत. तिच्या पाटीवर लिहिले आहे : ‘सभासदांचा उत्कर्ष’. या पाटीपासून जाळीवरच्या मण्यापर्यंतचा नकाशा आपण काढू.

‘कशासाठी?’ आणि ‘कसे?’

नकाशाचा नियम सोपा आहे. चौकटी काढायच्या आणि त्या बाणांनी जोडायच्या. खालून वर जाताना प्रत्येक चौकटीला ‘कशासाठी?’ असे विचारायचे. वरून खाली येताना ‘कसे?’ असे विचारायचे. दोन्ही वाटांनी अर्थपूर्ण उत्तर मिळाले, तरच बाण ठेवायचा.

सर्वांत वर येतात हेतू. त्यात पहिली गोष्ट म्हणजे हे कोणाचे हेतू, ते लिहिणे. लहान बागायतदार, मोठा बागायतदार, शेडवरची मजूर बाई, अडत्या, कर्ज देणारी बँक, बेदाणा खाणारे गिऱ्हाईक या सर्वांचा संस्थेशी संबंध आहे, पण सर्वांना एकच गोष्ट हवी आहे असे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरून येणारे प्रभाव : पाऊस, आयात-निर्यातीचे नियम, बाजारातली आवक. तिसरी म्हणजे ध्येय. ‘उत्कर्ष’ हा शब्द मोजता येत नाही. म्हणून त्याचे रूपांतर करावे लागते. उदाहरणार्थ : ‘तीन वर्षांत सभासदाचे एकरी निव्वळ उत्पन्न वाढावे आणि वर्षावर्षांतले त्याचे चढउतार कमी व्हावेत.’ इथेच पहिला वाद होतो. सरासरी उत्पन्न वाढवायचे, की चढउतार कमी करायचे? दोन्ही एकदम साधतीलच असे नाही. पाटीवरच्या एका शब्दाने हा वाद झाकून ठेवलेला होता.

त्याखाली येतात कृतिमार्ग, म्हणजे ध्येयाकडे जाण्याच्या निवडलेल्या वाटा. आपल्या संस्थेपुढे दोन आहेत. एक, ताजी द्राक्षे परदेशी पाठवणे. दोन, बेदाणा करून तो शीतगृहात ठेवणे आणि दिवाळीच्या सुमारास मागणी वाढल्यावर विकणे.

कृतिमार्गाखाली येतात क्षमता. क्षमता म्हणजे संस्थेला खात्रीने करता येणारी गोष्ट. ‘शेड’ ही क्षमता नव्हे, ते साधन आहे. ‘पाऊस येण्याआधी माल वाळवून आत घेणे’ ही क्षमता आहे. तिला शेड लागते, जाळ्या लागतात, वेळेवर मजूर लागतात आणि हवामानाचा अंदाज वाचणारा माणूस लागतो. पैसे देऊन साधन विकत घेता येते, क्षमता मात्र सरावाने घडवावी लागते. प्रयोगशाळेचे सामान कपाटात असणे आणि मुलांना प्रयोग करता येणे यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको.

क्षमतेखाली रोजची कामे, कामांखाली त्यांच्या नोंदी, आणि सर्वांत खाली यंत्रे व जागा. अशा थरांनी आपला नकाशा पुरा होतो. त्यातली एक साखळी अशी दिसेल :

सभासदाचे निव्वळ उत्पन्न वाढणे
↑ बेदाणा करून योग्य वेळी विकणे
↑ योग्य पक्वतेला माल काढण्याची क्षमता
↑ प्रत्येक बागेत गोडी मोजणे
↑ मोजणीची नोंदवही
↑ रिफ्रॅक्टोमीटर

एका बाणाची तपासणी

रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारे उपकरण आहे. रसाचा एक थेंब काचेवर ठेवायचा आणि प्रकाशाकडे धरून आकडा वाचायचा. रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश अधिक वळतो, हे त्यामागचे तत्त्व. हा आकडा ‘ब्रिक्स’ या एककात असतो. २२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २२ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, मुख्यतः साखर.

एवढेसे उपकरण आणि ‘सभासदांचा उत्कर्ष’ यांना जोडणारी साखळी ओढूनताणून आणलेली वाटते का? हिशेब करून पाहू. द्राक्ष वाळते तेव्हा पाणी जाते, घन भाग मात्र राहतो. तयार बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असते, म्हणजे ८५ टक्के घन भाग. १०० किलो द्राक्षे २२ ब्रिक्सला काढली तर घन भाग सुमारे २२ किलो. त्यापासून बेदाणा होईल २२ ÷ ०.८५, म्हणजे जवळजवळ २६ किलो. तीच द्राक्षे १८ ब्रिक्सला काढली तर १८ ÷ ०.८५, म्हणजे साधारण २१ किलो. देठ आणि प्रतवारीतली घट यात धरलेली नाही.

वेगळ्या शब्दांत, एक किलो बेदाण्याला पहिल्या वेळी ३.८६ किलो द्राक्षे लागली आणि दुसऱ्या वेळी ४.७२ किलो. हिशेबापुरते धरू, की ताज्या द्राक्षांचा दर किलोला ३० रुपये आहे आणि बेदाणा करण्याचा खर्च किलोला २५ रुपये. मग २२ ब्रिक्सला बेदाण्याचा मूळ खर्च येतो सुमारे १४१ रुपये, आणि १८ ब्रिक्सला सुमारे १६७ रुपये. बाजारात दर १५० रुपये मिळाला तर पहिला बागायतदार फायद्यात राहील आणि दुसऱ्याने ताजी द्राक्षेच विकायला हवी होती असे ठरेल. दर बदलले तर आकडे बदलतील, पण फरकाची दिशा बदलणार नाही.

म्हणजे संस्थेचे धोरण संचालकांच्या ठरावात जितके आहे, तितकेच ते रिफ्रॅक्टोमीटर कोणाच्या हातात आहे, तो किती बागांत जातो आणि आकडा वहीत लिहितो का, यावर अवलंबून आहे. ही नोंदवही संस्थेच्या दृष्टीने मोलाची आहे, हे नकाशा काढल्याशिवाय कदाचित कोणाच्या ध्यानात आले नसते.

आणखी एक गोष्ट याच चौकटीतून दिसते. परदेशी पाठवायच्या ताज्या द्राक्षांना मोठा, एकसारखा मणी आणि १८ च्या आसपास ब्रिक्स लागतो. बेदाण्याला २२ किंवा त्याहून अधिक. निर्यातीचा माल आधी निघतो, बेदाण्याचा माल वेलीवर जास्त दिवस ठेवावा लागतो. निर्यातीसाठी घडाची विरळणी आणि मण्याची फुगवण वेगळ्या पद्धतीने करतात. म्हणजे दोन्ही कृतिमार्ग एकाच बागेवर आणि त्याच मजुरांवर हक्क सांगतात. ‘आपण निर्यातही करू आणि बेदाणाही करू’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते. नकाशावर मात्र दोन बाण एकाच साधनाकडे आलेले दिसतात आणि निवड फळछाटणीच्या वेळीच करावी लागेल हे कळते.

न दिसलेला दुवा

आता दुसरा बाण तपासू : ‘बेदाणा शीतगृहात ठेवला तर नंतर चांगला दर मिळतो.’ समजा, हे साधारणपणे खरे आहे. तरीही हा मार्ग कोणाला परवडतो?

एप्रिलच्या सुमारास बागायतदारापुढे औषध दुकानाची उधारी, मजुरी, कर्जाचे हप्ते आणि नव्या खरड छाटणीचा खर्च एकदम उभा राहतो. मोठ्या बागायतदाराकडे थांबण्याइतका पैसा असतो. दीड-दोन एकरवाल्याकडे तो नसतो. त्याला माल लगेच विकावा लागतो, आणि तोही सर्वांचा माल बाजारात येतो त्याच काळात. म्हणजे ‘थांबून विकणे’ या कृतिमार्गाला शीतगृहाखेरीज आणखी एक क्षमता लागते : ठेवलेल्या मालावर पैसे उभे करता येणे. शेतमाल तारण ठेवून कर्ज देण्याची पद्धत आहेच. पण तारणासाठी मालाची प्रत आणि वजन यांची विश्वासार्ह पावती लागते. त्या पावतीसाठी प्रतवारीची नोंद लागते. ती नोंद नसेल तर साखळी तिथे तुटते.

नकाशात हा दुवा काढायचा राहिला, तर काय होईल? संस्था कर्ज काढून शीतगृह बांधेल. शीतगृह मोठ्यांच्या मालाने भरेल. कर्जाची परतफेड मात्र सर्व सभासदांच्या वर्गणीतून होईल. एकूण उत्पन्नाची सरासरी वाढलेली दिसेल आणि अहवालात ध्येय गाठल्याचे लिहिले जाईल. लहान बागायतदार मात्र होता तिथेच राहील. म्हणूनच सर्वांत वरच्या थरात ‘हे ध्येय कोणाचे?’ हा प्रश्न विचारायचा असतो. ध्येयाच्या चौकटीत सरासरी लिहायची, की दोन एकरांखालील सभासदांचे उत्पन्न वेगळे लिहायचे, हा वरवर तांत्रिक वाटणारा निर्णय प्रत्यक्षात न्यायाचा प्रश्न असतो.

२०१० सालचा धडा

इथवरची संस्था काल्पनिक होती. आता खरी घटना पाहू.

महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली ‘महाग्रेप्स’ ही संयुक्त निर्यात संस्था उभी केली. द्राक्षे युरोपात समुद्रमार्गे जायला काही आठवडे लागतात. त्यासाठी तोडणीनंतर लगेच माल थंड करणे आणि तो थेट पोहोचेपर्यंत थंड ठेवणे ही क्षमता लागते. ती घडवली गेली. त्यानंतर नवा प्रभाव पुढे आला तो औषधांच्या अंशांचा. २००३ साली नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यातून अंश तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, ठरलेल्या रसायनांची यादी, प्रयोगशाळेतली तपासणी, आणि पुढे ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था. परदेशातल्या दुकानातल्या खोक्यावरून माल कोणत्या बागेचा हे शोधता येईल, अशी तिची रचना होती. सर्वांत खालच्या थरातली नोंद सर्वांत वरच्या हेतूशी जोडल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीही २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीत सीसीसी. हे कीटकनाशक नव्हे. वेलीची अनावश्यक वाढ रोखून घड अधिक यावेत म्हणून वापरले जाणारे ते वाढनियंत्रक आहे. खरड छाटणीनंतरच्या काळात, म्हणजे माल निघण्याच्या कितीतरी महिने आधी, ते फवारण्याची पद्धत रूढ होती. युरोपातली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. याचा अर्थ वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत तेव्हा या रसायनाचा समावेश नव्हता. माल तपासणीत उत्तीर्ण होऊन गेला आणि तिकडे अडकला. बागायतदारांचे आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. पुढच्या हंगामापासून ते रसायन यादीत आले.

इथे कोणी काम चुकवले होते असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळांनी सांगितलेले तपासले, बागायतदारांनी रूढ पद्धत पाळली, नोंदी ठेवल्या. उणीव होती ती दोन चौकटींमधल्या बाणाची. एका टोकाला ‘युरोपातला नियम’ होता आणि दुसऱ्या टोकाला ‘खरड छाटणीनंतरची फवारणी’. दोन्ही चौकटी आपापल्या जागी होत्या. मध्ये दहा-अकरा महिने, हजारो किलोमीटर आणि चार-पाच वेगवेगळ्या यंत्रणा होत्या. त्या दोन चौकटी एकाच कागदावर आणून ‘या फवारणीचा त्या नियमाशी काही संबंध आहे का?’ हे विचारण्याचे काम मात्र कोणा एकाचे नव्हते.

बाण म्हणजे अंदाज

विज्ञानाच्या दृष्टीने या नकाशात सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाण ही आहे. बाण दोन प्रकारचे असतात. ‘वाळवायला शेड लागते’ हा पहिला प्रकार. शेडवर जाऊन पाहिले की तो खरा की खोटा हे कळते. ‘थांबून विकल्यास उत्पन्न वाढते’ हा दुसरा. तो अंदाज आहे, शास्त्रीय भाषेत गृहीतक. तो खरा ठरेल किंवा खोटाही ठरेल, आणि ते ठरवायला मोजमाप लागते. कोणत्या वर्षी, किती मालाचा, कोणता दर मिळाला, साठवणीचा खर्च आणि व्याज वजा जाता काय उरले, हे लिहून ठेवले तरच. धोरण म्हणजे अशा गृहीतकांची माळ. पाटीवरचे वाक्य कधीच खोटे ठरू शकत नाही, म्हणून ते काही शिकवतही नाही. नकाशातला बाण खोटा ठरू शकतो आणि म्हणूनच उपयोगी पडतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे. ज्याचा विचारच सुचला नाही, ते चित्रात येत नाही. २०१० साली यादीत नसलेले रसायन तपासले गेले नाही, तसेच हे. दुसरे, चित्र देखणे झाले की ते खरे वाटू लागते. मोठ्या कंपन्यांत शेकडो चौकटींचे नकाशे तयार होतात आणि कपाटात पडून राहतात, कारण प्रत्यक्ष काम करणाऱ्याने ते कधी पाहिलेलेच नसतात. तिसरे, गारपिटीला नकाशा समजत नाही. मात्र गारपीट झाली तर कोणता दुवा आधी तुटेल आणि त्याला पर्याय काय, एवढे तो आधी सांगू शकतो. त्यासाठी नकाशा दरवर्षी, निदान दोन्ही छाटण्यांच्या वेळी, पुन्हा तपासावा लागतो. आणि तो तपासताना शेडवरच्या मजूर बाईलाही बोलवावे लागते. कोणत्या जाळीवरचा माल उशिरा वाळतो हे तिला माहीत असते, आणि ते कोणत्याच वहीत नसते.

वर्गात करून पाहण्यासाठी

नववीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना दोन तासांत हा प्रयोग करता येईल. फळा, खडू आणि चिठ्ठ्या पुरतात.

१. परिसरातली एखादी संस्था निवडा : दूध संकलन केंद्र, ग्रंथालय, पाणीवापर संस्था, किंवा आपली शाळाच. तिचे ध्येयवाक्य फळ्यावर सर्वांत वर लिहा. ते मोजता येईल अशा एक-दोन वाक्यांत बदला. कोणाचे ध्येय, तेही लिहा.

२. संस्थेत आज झालेले एक छोटे काम खाली लिहा. उदाहरणार्थ, ‘दुधाचे फॅट मोजले’ किंवा ‘हजेरी घेतली’. आता ‘कशासाठी?’ असे विचारत चिठ्ठ्या वर लावत जा. ध्येयापर्यंत पोहोचता येते का ते पाहा. न पोहोचणारी कामे वेगळी काढा. ती निरुपयोगी आहेत, की आपला नकाशा अपुरा आहे, यावर चर्चा करा.

३. प्रत्येक बाणावर ‘लागते’ किंवा ‘त्यामुळे’ यांपैकी एक शब्द लिहा. ‘त्यामुळे’ लिहिलेल्या प्रत्येक बाणासाठी, तो खोटा असेल तर आपल्याला कसे कळेल, याचे एक वाक्य लिहा.

४. बाहेरच्या प्रभावांची एक यादी करा : पाऊस, नवा नियम, वीज जाणे, एस.टी. बंद असणे. एकेक प्रभाव लागू करून कोणता दुवा तुटतो आणि त्याचा फटका आधी कोणाला बसतो, ते शोधा.

५. गणिताच्या तासाला बेदाण्याचा हिशेब १६, २० आणि २४ ब्रिक्ससाठी करून आलेख काढायला सांगा. ब्रिक्स आणि मिळणारा बेदाणा यांचा आलेख सरळ रेषा येईल. ब्रिक्स आणि एक किलो बेदाण्याला लागणारी द्राक्षे यांचा आलेख मात्र वक्र येईल. तो वक्र का येतो, हे मुलांना शोधू द्या.

या खेळात मुले अनेकदा मोठ्यांना अडचणीचे वाटतील असे प्रश्न विचारतात. हजेरी कशासाठी घेतात, या प्रश्नाला ‘नियम आहे म्हणून’ याच्या पलीकडचे उत्तर शोधावे लागते. असा प्रश्न आला, की तो चुकीचा म्हणून बाजूला सारू नये. त्याची चिठ्ठी फळ्यावर लावावी आणि तिच्या वरचा बाण रिकामा ठेवावा. पुढच्या तासाची सुरुवात त्या रिकाम्या बाणापासून करता येईल.